नदीची हद्द



आमच्या वसतिगृहात सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील मुले एकत्र राहतात, आणि जुलै महिन्याच्या अखेरीस एक गोष्ट दरवर्षी माझ्या दृष्टीस पडते. रात्री पावसाचा जोर वाढला म्हणजे महाबळेश्वर, जावळी व पाटण या बाजूची मुले स्वस्थ झोपी जातात. घरी भातलावणी उरकली असेल, ओढे भरून वाहू लागले असतील, एवढाच विचार त्यांच्या मनात येतो. परंतु भिलवडी, सांगलवाडी, हरिपूर या गावांची मुले मात्र अंथरुणावर उठून बसतात. अशाच एका रात्री इयत्ता सातवीतील एक मुलगा माझ्या दाराशी आला आणि हळूच म्हणाला, “सर, कोयनेचे दरवाजे उघडले का हो?”

बारा वर्षांच्या मुलाने चेंडूफळीची किंवा परीक्षेची चिंता करावी. धरणाच्या दरवाजांची चिंता त्याच्या वाट्यास यावी, हे माझ्या मनास फार लागले. त्या रात्री मी त्याची कशीबशी समजूत घालून त्यास निजविले. परंतु त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे राहूनच गेले. ते उत्तर या लेखात देण्याचा माझा प्रयत्न आहे. नदी आपल्या घरात का येते, आणि ती येऊ नये यासाठी काठाची व्यवस्था कशी असावी, असा आजच्या पाठाचा विषय आहे.

पाऊस कोठला, पूर कोठला

भूगोलाच्या पुस्तकातील नकाशा उघडून कृष्णेच्या उगमावर बोट ठेवा. महाबळेश्वरी उगम पावून ती वाईवरून खाली येते. साताऱ्याजवळ माहुली येथे तीस वेण्णा मिळते. कऱ्हाडास कोयना अगदी समोरून येऊन तिला भेटते. त्या स्थळास आपण प्रीतिसंगम म्हणतो. पुढे ब्रह्मनाळास येरळा, सांगलीलगतच्या हरिपुरास वारणा, व कोल्हापूर जिल्ह्यात नरसोबाच्या वाडीस पंचगंगा, अशा एकामागून एक नद्या आपले पाणी तिच्या स्वाधीन करतात आणि मग ती कर्नाटकात शिरते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. सांगली शहरात वर्षभरात पडणारा पाऊस बेताचाच असतो. जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे त्याच जिल्ह्याचे तालुके तर पावसासाठी आकाशाकडे डोळे लावून बसलेले असतात. तेव्हा सांगलीस बुडविणारा पाऊस सांगलीत पडत नाही. तो साताऱ्याच्या व शिराळ्याच्या घाटमाथ्यावर पडतो. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वरास एका अहोरात्रीत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. फूटपट्टीने मोजल्यास ही उंची दोन फुटांस थोडीच कमी भरते. असा पाऊस डोंगरावर चार-आठ दिवस लागून राहिला म्हणजे पाणी कोठे जाणार? जो उतार मिळेल त्या उताराने ते खाली धावणार.

धरणे हे पाणी अडवितात, हे खरे. कोयनेच्या धरणात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. वारणा, धोम, कण्हेर, उरमोडी ही धरणेही आपापल्या परीने भार उचलतात. परंतु धरण हे घागरीसारखे आहे. घागर रिकामी आहे तोवर ती पाणी धरून ठेवते. काठोकाठ भरली म्हणजे वरून जितके पडेल तितके बाहेर सांडते. ऑगस्टच्या आरंभी धरणे बहुतेक भरलेली असतात, आणि नेमका त्याच वेळी मोठा पाऊस आला म्हणजे दरवाजे उघडल्यावाचून गत्यंतर राहत नाही.

शिवाय कऱ्हाडाच्या खाली नदीचा स्वभाव पालटतो. डोंगरात धावणारी नदी सांगलीच्या सपाटीवर येताच मंद होते व वळणे घेत चालते. पाणी येते वेगाने आणि जाते सावकाश. मधल्या वेळात ते दोन्ही काठांवर पसरते. नदीच्या या पसरण्याच्या जागेस पूरक्षेत्र म्हणतात. पूरक्षेत्र हा नदीचाच भाग होय. आठ महिने ती ज्या अरुंद वाटेने वाहते तेवढीच तिची मालमत्ता, असे आपण समजतो. हीच आपली पहिली चूक.

सांगलीच्या आयर्विन पुलाच्या खांबावर पाण्याची उंची दाखविणारे फुटांचे आकडे आहेत. हा पूल १९२९ साली, संस्थानी अमदानीत बांधला गेला. त्या खांबावर ४० फूट ही इशाऱ्याची व ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सुमारे ५७ फुटांवर पोहोचले. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा ५४-५५ फूट झाले. सतरा वर्षांच्या आत तीन वेळा! २०१९ च्या त्या पुरात ८ ऑगस्ट रोजी ब्रह्मनाळ येथे पाण्याबाहेर निघू पाहणाऱ्या लोकांची नाव उलटली व स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासह अनेकांचे प्राण गेले. या लेखातील प्रत्येक आकड्यामागे अशी माणसे उभी आहेत, हे वाचकांनी विसरू नये.

वडिलांची रीत

आपले पूर्वज या नदीच्या काठी शेकडो वर्षे राहिले. त्यांनाही पुराने पुष्कळ वेळा गाठले असेल. परंतु नदीशी वागण्याची त्यांची एक रीत होती. गावच्या जमिनीचे ते दोन भाग करीत. उंचवट्याच्या जागेस पांढरी म्हणत. तेथे घरे बांधीत. सखल, कसदार जमिनीस काळी म्हणत, ती पेरीत. पुराचे पाणी काळीवर पसरून गाळ टाकून गेले तर ते नुकसान न मानता खत मानीत. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव ज्या मळीच्या रानातून येते, ते रान अशा पुरांनीच घडविलेले आहे.

ज्या इमारती काठावरच उभारणे अवश्य होते, त्या त्यांनी पाण्याचा विचार करून उभारल्या. वाईच्या घाटावर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविलेले ढोल्या गणपतीचे देवालय पाहा. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची, पुढे निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आदळून दुभंगतो व दोहों बाजूंनी निघून जातो. घाटाच्या पायऱ्यांचेही तसेच. घाट पाण्यास अडवीत नाही. पाणी चढले की तो निमूटपणे बुडतो, उतरले की पुन्हा आपल्या कामास उभा राहतो. आजच्या भाषेत ज्यास आपण पूररोधक रचना म्हणू, ती अडीचशे वर्षांपूर्वी एका गवंड्यास उमगली होती.

आपण काय केले

मग बिघडले कोठे? गावे वाढली, शहरे झाली. कामधंद्यासाठी माणसे आली, त्यांना घरे हवी होती, आणि उंचावरील जागा त्यांना परवडेना. सखल जागा स्वस्त होती. शेताचे गुंठ्यागुंठ्यांनी तुकडे पडले. अशा वस्त्या सांगलीच्या भोवती इतक्या झाल्या की ‘गुंठेवारी’ हा शब्द येथे लहान मुलासही ठाऊक आहे. राज्यातील अशा वस्त्यांस नियमात आणण्यासाठी २००१ साली स्वतंत्र कायदाच करावा लागला. पावसाचे पाणी नदीकडे नेणारे नैसर्गिक उतार, ज्यांस आपल्याकडे ओत म्हणतात, ते कोठे बुजले, कोठे त्यांवर घरे उभी राहिली. ओत हे दुहेरी काम करतो: पावसात तो गावाचे पाणी नदीस देतो, आणि पुरात नदीचे वाढलेले पाणी पसरावयास वाट देतो. तो बुजविला म्हणजे दोन्ही कामे अडतात. रस्त्यांचे उंच भरावही पुरास आडव्या बांधासारखे झाले. पुढे त्या वस्त्यांत वीज आली, नळ आला, डांबरी रस्ता आला. आणि लोकांस साहजिकच वाटले की, ज्या अर्थी सर्व सोयी आल्या, त्या अर्थी ही जागा राहण्यास योग्यच असली पाहिजे.

हे सर्व मी दूर उभा राहून सांगत नाही. २०१२ साली मी व माझ्या पत्नीने पंधरा वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून अशाच एका वस्तीत दीड गुंठा जागा घेतली व तीवर तीन खोल्यांचे घर बांधले. विकणारा गृहस्थ मला म्हणाला, “मास्तर, दोन हजार पाचाला पाणी त्या पिंपळाखाली थांबलं होतं. इथवर काय येत नाही.” पिंपळ माझ्या जागेपासून शंभर पावलांवर होता. मी पदवीधर शिक्षक. वर्गात उंचसखल भागाचे नकाशे मुलांकडून काढून घेणारा. परंतु आपल्या जागेची उंची किती, पूररेषा कोठून जाते, हे कोणत्याही कचेरीत जाऊन विचारण्याचे मला सुचले नाही. खरे सांगावयाचे तर सुचले होते. उत्तर प्रतिकूल आले तर जागा हातची जाईल, म्हणून विचारले नाही. २०१९ साली पाणी पिंपळ ओलांडून आले व आमच्या भिंतीवर साडेपाच फुटांवर रेघ ओढून गेले. आठवड्याने परतलो तेव्हा माझी प्रमाणपत्रे, मुलीची पुस्तके आणि माझ्या वडिलांची भजनाची पेटी, यांचा एकच चिखल झालेला होता.

आपल्या शाळेतील मुलांस वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला पाठ आहे. त्यातील एक बारकावा त्या दिवशी प्रथमच माझ्या ध्यानी आला. पाऊस, पूर व वारा ही दोन्ही घरांवर सारखीच आली होती. भेद होता तो जागा निवडण्यात. आणि ती निवड पाऊस येण्यापूर्वी, कोरड्या दिवशी झालेली होती.

दोन रेषा आणि एक हिशेब

काठाच्या व्यवस्थेचा पाया म्हणजे पूररेषा. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली या संबंधीचे नियम घालून दिले. त्यांप्रमाणे नदीच्या दोन्ही अंगांस दोन रेषा कल्पिल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा पात्रात मावणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट प्रवाह, यांतील जो मोठा असेल तो जेथवर पोहोचतो, ती निळी रेषा. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो, ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र. तेथे मोकळी मैदाने, बागा, शेती असावी, घरे असू नयेत. निळ्या व लाल रेषांमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र; तेथे बांधावयाचे तर पुराची पातळी ध्यानात घेऊन, अटी पाळून बांधावे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नव्हे. त्याचा अर्थ असा की, दरवर्षी असा पूर येण्याचा संभव शेकडा चार असतो. गणितात रुची असलेल्या मुलांनी हा हिशेब करून पाहावा. एका वर्षी पूर न येण्याचा संभव ०.९६. वीस वर्षांत एकदाही न येण्याचा संभव काढण्यासाठी ०.९६ हा आकडा वीस वेळा आपल्याशीच गुणावा. उत्तर सुमारे ०.४४ येते. म्हणजे निळ्या रेषेवर घर बांधून वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्याच्या घरात कर्ज फिटण्यापूर्वीच पाणी शिरण्याचा संभव शेकडा ५६ आहे. नाणे उडवून पाहिले तरी याहून बरे दान पडेल! माझ्या पंधरा वर्षांच्या कर्जाचा हिशेब शेकडा ४६ भरतो. तो मी घर बुडाल्यावर केला. तुम्ही आधी करावा.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. आपल्या कोकणपट्टीवर बांधकामांची घाई होऊ लागली, तेव्हा केंद्र सरकारने १९९१ साली अधिसूचना काढून भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा नियमांखाली आणला. पुढे २०११ व २०१९ साली ते नियम बदलले, काही शिथिलही झाले. परंतु किनाऱ्यास स्वतःची हद्द असते, हे तत्त्व राहिले. महाराष्ट्राने नदीकाठच्या कारखान्यांसाठीही अंतराचे नियम २००० साली केले होते. ते २०१५ साली मागे घेण्यात आले. नदी समुद्राइतकी भीषण दिसत नाही, म्हणून तिची हद्द विसरणे आपणांस सोपे जाते.

दोष कोणाचा

पूर ओसरला की दोष कोणाचा हा वाद सुरू होतो. कोणी कोयनेकडे बोट दाखवितो, कोणी कर्नाटकातील अलमट्टीकडे. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० साली आला. अतिवृष्टी व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर तिने बोट ठेवले, आणि सांगली-कोल्हापूरच्या पुरास अलमट्टीचा फुगवटा कारण नाही, असे मत दिले. हे मत सर्वांनी मान्य केले असे नाही. अलमट्टीची उंची वाढविण्यास २०१० साली पाणीतंटा लवादाने अनुमती दिल्यापासून काठच्या लोकांच्या मनात भीती आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हा वाद जाणत्या स्थापत्यविशारदांनी व न्यायालयांनी सोडवावा. दोन्ही राज्यांनी पावसाळ्यात एकमेकांस पाण्याची खबर तासातासाला द्यावी, हे तर अवश्यच. परंतु दूरच्या धरणाकडे पाहता पाहता आपल्या दारचा बुजलेला ओत आपणांस दिसेनासा होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. धरणाचे दरवाजे आपल्या हाती नाहीत. ओत आपल्या हाती आहे.

काठाचा आराखडा

मग काठाची व्यवस्था कशी असावी? पुढील पाच गोष्टी मला मुख्य वाटतात.

पहिली गोष्ट, हद्द डोळ्यांस दिसली पाहिजे. पूररेषा नकाशावर आहे, पण नकाशा कचेरीत आहे. तीच रेषा गल्लोगल्ली विजेच्या खांबांवर निळ्या व लाल रंगाने रंगवावी. पुराच्या वर्षांचे आकडे शाळांच्या व देवळांच्या भिंतींवर कोरावेत. जागा घेणारा मनुष्य तो खांब पाहील आणि माझ्यासारखा फसणार नाही.

दुसरी गोष्ट, जागेचा उपयोग पाण्याच्या स्वभावाप्रमाणे ठरवावा. पाण्यात चार दिवस बुडूनही ज्याचे फारसे बिघडत नाही, ते काठाजवळ असावे: गवताची कुरणे, क्रीडांगणे, घाट, मळीची शेती. ज्याच्या बुडण्याने अवघे गाव अडते, ते लाल रेषेच्या पलीकडे असावे: रुग्णालय, वीजकेंद्र, धान्याचे कोठार, दप्तरखाना आणि शाळा.

तिसरी गोष्ट, ओत व ओढे मोकळे करावेत, आणि ते केवळ मोकळे नव्हे तर निर्मळ असावेत. सांगलीचा शेरी नाला गावाचे सांडपाणी नदीत नेतो ही तक्रार कित्येक दशकांची आहे. जो काठ आपण घाणीसाठी वापरतो, त्यावर आपले प्रेम राहत नाही. आणि ज्यावर प्रेम नाही, तो कोणी बळकावला तरी आपण बोलत नाही.

चौथी गोष्ट, काठाची माती जागच्या जागी राहिली पाहिजे. उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज यांची मुळे ती धरून ठेवतात. वीटभट्ट्यांसाठी पोयटा व बांधकामांसाठी वाळू बेसुमार उपसली म्हणजे काठ ढासळतो. त्याच मऊ काठात कृष्णेतील मगरी अंडी घालतात. त्यांची जागा गेली म्हणजे त्या माणसांच्या पाणवठ्याकडे येतात.

पाचवी गोष्ट भिंतीविषयी. पूर आला की नदीस उंच भिंत घालावी अशी मागणी होते. काही थोड्या जागी भिंत अवश्य असेल. परंतु पाणी भिंतीने नाहीसे होत नाही, ते सरकते. सांगलीच्या बाजूस भिंत चढविली तर समोर सांगलवाडीच्या बाजूस पाणी चढेल, हे पाहावयास पंडित लागत नाही. आपल्या घरचे पाणी शेजाऱ्याच्या घरात लोटणे यास व्यवस्था म्हणता येणार नाही.

हॉलंड देशातील लोक भिंती बांधण्यात जगात पहिले. त्यांचा कितीतरी मुलूख समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९९५ साली तेथील नद्यांस मोठा पूर आला व सुमारे अडीच लाख लोकांस घरे सोडून जावे लागले. त्यानंतर या बांधकुशल लोकांनी अधिक उंच बांध घालण्याऐवजी तीसहून अधिक ठिकाणी नदीस जागा परत देण्याचे ठरविले. नाइमेखेन या शहराजवळ वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, नदीस एक नवी शाखा खणून दिली, आणि त्यासाठी पन्नासेक घरे हलविली. आज त्या शाखेच्या काठी लोक फिरावयास व पोहावयास जातात. बांध बांधून जे नाव मिळविले, ते बांध मागे घेण्याने कमी झाले नाही.

हलवावयाचे कोणास

परंतु घरे हलविणे हे शब्द लिहिण्यास सोपे आहेत. आपल्याकडे सर्वांत सखल जागी राहणारा मनुष्य बहुधा सर्वांत गरीब असतो. हमाल, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया यांनी नदीशी स्पर्धा करण्यासाठी तेथे घर केलेले नाही. दुसरी जागा मिळाली नाही म्हणून केले. त्यांस केवळ अतिक्रमण करणारे म्हणून हाकलून देणे हा अन्याय होईल, आणि निष्फळही होईल; कारण पोटाचे साधन जेथे असेल तेथे मनुष्य परत येतोच. कामापासून फार दूर नसलेली उंच जागा, तिचा पक्का कागद, आणि हलण्यापूर्वी त्यांच्याशी विचारविनिमय, या तीन गोष्टी दिल्यावाचून कोणताही आराखडा पुरा झाला असे मी म्हणणार नाही. ज्यांच्या मोठ्या इमारतींनी व भरावांनी पाण्याची वाट अडली, त्यांच्यापासून आरंभ झाला, तर गरीब मनुष्यही विश्वासाने मागून येईल.

घरचा अभ्यास

विद्यार्थ्यांनो, या पाठाबरोबर थोडा अभ्यास देतो. दिवाळीच्या सुटीत आपल्या आजी-आजोबांस विचारा: तुमच्या आठवणीतील सर्वांत मोठा पूर कोणता, आणि पाणी कोठवर आले होते? त्या जागेचे वर्णन लिहून घ्या. आपल्या गावातील ओत शोधा. तो कोठे बुजला आहे, हे नकाशावर दाखवा. घाटमाथ्याच्या मुलांनी आपल्या गावचा पाऊस रोज मोजून लिहावा. तुमच्या गावचा पाऊस म्हणजे तुमच्या सांगलीकर मित्राच्या गावचा उद्याचा पूर आहे, हे त्या वहीमुळे तुम्हां दोघांच्याही ध्यानात राहील.

पालकजनहो, तुम्हांस एकच विनंती. जागा घेताना भाव विचारता, रस्ता विचारता, पाण्याचा नळ विचारता; तसेच नदीचे पाणीही विचारा. निळी व लाल रेषा कोठून जाते, हे नगररचना व पाटबंधारे कचेरीतून लेखी मागून घ्या. उत्तराची भीती वाटू लागली, तर तीच खूण समजा की प्रश्न विचारणे अवश्य आहे.

आम्ही आता शाळेच्या आवारातील शिक्षकनिवासात राहतो. त्या घराचे हप्ते अद्याप चालू आहेत. २०२३ साली एक तरुण जोडपे ते विकत घेण्यास आले. मध्यस्थाने मला आदल्या दिवशी सल्ला दिला होता, “सर, आधी भिंतींना रंग मारून घ्या.” मी रंग मारला नाही. त्या दोघांस मी भिंतीवरील रेघ दाखविली व ती कोणत्या वर्षाची हे सांगितले. त्या मुलीने रेघेजवळ आपल्या कडेवरील मूल धरून पाहिले, आणि दोघेही काही न बोलता निघून गेली. माझी पत्नी दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “बरं केलंत.”

ते घर अजून विकले गेलेले नाही. परंतु कोयनेचे दरवाजे उघडले का, असे विचारीत रात्री दाराशी येणारे एक मूल तरी त्यामुळे कमी झाले असेल, अशी माझी आशा आहे.